शेवटचा भाग आणि रुक्मिणीकाकू

मी विक्रोळीच्या चाळीतला एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बोलतोय. आजवर लोकांना दुसऱ्यांचेच संवाद ऐकवले. आज जरा माझं ऐका.

कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. कोणी ट्यूब बसवली, कोणी तारा जोडल्या, शेवटी लाकडी पेटी चढवली आणि मी शहाण्यासारखा दिसू लागलो. घाटकोपरच्या दुकानात काही दिवस भावंडांबरोबर उभा होतो. तिथून दत्तारामांनी मला टॅक्सीत घालून घरी आणलं, तेही सबंध वाटभर एक हात माझ्या पाठीवर ठेवून. दत्ताराम कंपनीत फिटर. त्यांच्या बायकोने, सुगंधाने, मला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. त्या मजल्यावर मी पहिलाच टीव्ही होतो.

तुम्हाला एक गंमत सांगतो. माझ्या काचेवर काय चाललंय ते मला कधीच दिसत नाही. मला दिसतात ते बघणाऱ्यांचे चेहरे. कोणी तोंडात घास तसाच ठेवून बघतं, कोणी रडू आलं की जांभई दिल्याचं सोंग करतं. दत्ताराम तर मारामारी सुरू झाली की बसल्या जागी हवेत ठोसे मारायचे.

त्या वर्षी दर बुधवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. तिची नायिका क्षमा. तिचा नवरा समुद्रात बोटीसकट बेपत्ता झालेला. आणि अनंत नावाचा एक साधा, भला माणूस तिच्यात जीव गुंतवून बसलेला. बस, एवढ्यावर चाळीने डोकं पिकवलं.

“नवरा जिवंत आहे. मी सांगते ना!” शेजारच्या मेबल ठामपणे म्हणायच्या. “बॉडी मिळाली का? नाही ना? मग! त्याची मेमरी गेली असणार. कुठल्या तरी बेटावर मासे सुकवत बसला असेल.”

“तो अनंत मला बरोबर वाटत नाही,” दत्तारामांचं मत. “एवढा गोड बोलणारा माणूस शेवटी व्हिलनच निघतो.”

“अहो, सोन्यासारखा आहे तो,” सुगंधा म्हणायची. “पण तिची सासू उभं राहू देईल का त्याला?”

नळावर, रेशनच्या रांगेत, कंपनीच्या गेटवर, सगळीकडे हीच चर्चा. क्षमाने एका भागात अनंतने दिलेला चहा घेतला नाही, तर दोन दिवस सुगंधा आणि मेबल एकमेकींशी बोलत नव्हत्या.

या सगळ्यात एक जण गप्प असायची. सुलक्षणा. पलीकडच्या खोलीतल्या रुक्मिणीकाकूंची सून. काकूंचा एकुलता एक मुलगा काविळीने गेला, तेव्हापासून या दोघीच एकमेकींना होत्या. सुलक्षणा बालवाडीत शिकवायची आणि बुधवारी दाराला टेकून बसायची. रुक्मिणीकाकू मात्र पुढे, पाटावर. जीभ अशी धारदार की दत्ताराम स्वतःच्या घरात त्यांना विचारून पंखा लावायचे. मालिकेवर मात्र काकू एक शब्द बोलत नसत.

आणि होता सहदेव. दत्तारामांच्याच खात्यातला, खालच्या मजल्यावर चार मित्रांबरोबर राहणारा. चित्रावर मुंग्या आल्या की सहदेव गच्चीवर धावायचा आणि अँटेना फिरवायचा.

“आलं का?” वरून आवाज.

“नाही आलं! अजून थोडं डावीकडे!” सुलक्षणा गॅलरीतून ओरडायची. कारण दाराशी तीच बसलेली.

त्यामुळे सहदेवला मालिका अर्धीमुर्धीच दिसायची. मग भाग संपला की गॅलरीत उभी राहून सुलक्षणा त्याला राहिलेली गोष्ट सांगायची. एरवी मोजकं बोलणारी ही मुलगी तेव्हा काय खुलायची! क्षमाची नक्कल, अनंतचं अडखळणं, सासूचा ठसका, सगळं साभिनय. मी कान देऊन ऐकायचो. संवाद माझ्याच पोटातून गेलेले, पण तिच्या तोंडून जास्त झकास वाटायचे.

पुढेपुढे चित्र लख्ख असलं तरी सहदेव गच्चीवर जाऊ लागला. कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटत होतं.

शेवटच्या भागाच्या बुधवारी खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मालिकेत क्षमा अनंतला उत्तर द्यायला दार उघडते, एवढ्यात माझ्या चित्रावर मुंग्या आल्या. सहदेव गच्चीवर पळाला. आणि तेवढ्यात लाईट गेले! माझ्यासकट सगळी चाळ काळोखात.

“वाट लागली!” दत्ताराम कळवळले.

सुगंधाने मेणबत्ती लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, लाईट येईनात. मग ज्याने त्याने आपापला शेवट सांगायला सुरुवात केली. मेबलनी नवऱ्याला बेटावरून आणून दारात उभा केला. दत्तारामांनी अनंतला पोलिसांच्या ताब्यात दिलं. सुगंधा म्हणाली, “ती ‘हो’ म्हणायची नाही. सासूला टाकून कशी जाईल? आणि लोक काय म्हणतील?”

हे बोलून तिने जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा रुक्मिणीकाकूंकडे गेल्या. सुलक्षणा दाराशी मान खाली घालून साडीचा काठ चुरगळत होती.

काकू पाटावरच हलल्या. मालिका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या त्यावर बोलल्या.

“गेलेलो परत येवचो नाय,” त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या. “माझोय झील गेलो. म्हणान ह्या पोरीन जल्मभर दाराकडे बसान रवाचा काय?”

काकू क्षमाबद्दल बोलत नाहीत, हे मेबलनासुद्धा उमगलं होतं.

नेमका तेव्हाच गच्चीवरून आवाज आला, “आलं का?”

मग आधी सुलक्षणाच्याच तोंडून हसू फुटलं.

“लाईट नाय, टीव्ही बंद, नि ह्यो थंय काय हलयता?” काकू उठल्या, गॅलरीत गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, “इला रे, इला! खाली ये आता!”

सहदेव खाली आला. सगळी खोली त्याच्याकडे बघतेय, हे पाहून गोंधळला. काकूंनी सरळ विचारलं, “ही तुका आवडता ना?”

सहदेवने सुलक्षणाकडे पाहिलं. “हो, काकू. पण तिला विचारा आधी.”

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी आईंना सोडून कुठे जाणार नाही,” ती म्हणाली. एवढंच. नाही म्हणाली नाही.

“मग मीच येतो ना तुमच्याकडे,” सहदेव म्हणाला. “खाली आम्ही पाच जण दाटीवाटीने झोपतो. मला कोण अडवतंय?”

मेबल टाळ्या वाजवत सुटल्या. लाईट आले तेव्हा बातम्या चालू होत्या आणि माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेबलची कांदिवलीची बहीण आली. तिच्याकडे लाईट गेले नव्हते. तिने खरा शेवट सांगितला: क्षमा अनंतला नकार देते आणि एकटीच गावी निघून जाते.

रुक्मिणीकाकू तांदूळ निवडत होत्या. “लिवणाऱ्याक काय कळता?” त्या म्हणाल्या. “त्येच्या घरात सून नाय आसतली.”

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. मेबलनी केक केला, काकूंनी घावणे आणि नारळाचा गोड रस. गावाहून काकूंचे दीर तावातावाने आले होते. काकूंनी त्यांना आधी जेवायला वाढलं, मग ऐकवलं. जेवण त्यांना पचलं, बोलणं पचायला वर्ष लागलं.

पुढे दत्तारामांकडे रंगीत टीव्ही आला आणि मला सुलक्षणाच्या खोलीत जागा मिळाली. आता माझं वय झालंय. चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसतं, आवाज बसलाय. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. सहदेव म्हणतो, आतलं सामान काढून या पेटीत बाळाचे कपडे ठेवू. हो, सुलक्षणाला दिवस गेलेत! चाळीत पुन्हा अंदाजांना ऊत आलाय. दत्ताराम म्हणतात मुलगी, सुगंधा म्हणते मुलगा, मेबल जुळ्यांवर अडून बसल्यात.

माझी तक्रार नाही. झबली-टोपरी सांभाळायला मला आवडेलच. फक्त एवढं ऐका, बाळ घरी येईपर्यंत माझ्या आतल्या तारा काढू नका. पहिल्या दिवशी त्याला माझ्यासमोर धरा आणि मला एकदा लावा. इतकी वर्षं या चाळीचे चेहरे बघितले. तो एक नवा चेहरा बघतो, आणि मग खुशाल बंद करा मला.