शिवेवर न थांबलेली गाडी

कार्तिकातलं कललेलं ऊन, कापलेल्या भाताचा गोडसर दरवळ आणि त्यात मिसळलेला औषधाचा उग्र वास. द्वारकाबाई आठवल्या की आधी हा वास येतो, मग त्यांचा चेहरा. किन्हवलीच्या दवाखान्यातल्या त्या नर्स. स्वच्छ पांढरं लुगडं, आणि चालण्यात असा ठामपणा की वाटेनेच बाजूला व्हावं.

लढाईच्या दिवसांत सरकारी पैसा आटला आणि त्यांच्या बैलगाडीचा भत्ता बंद झाला. यापुढे दवाखान्यातच बसा, असं वरून सांगण्यात आलं. बाई बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी गावोगावच्या बायकांना गाठलं आणि बायकांनी घरच्या पुरुषांच्या कानीकपाळी ओरडून गाड्या जुंपायला लावल्या. तेव्हापासून प्रत्येक गाव त्यांना आपल्या शिवेपर्यंत पोचवी, आणि पुढच्या गावाची गाडी तिथे उभी असे.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या खेपेला मात्र शिवेवर गाडी नव्हती. आमचा एक बैल लंगडत होता, गावातल्या बाकीच्या गाड्या भारे घेऊन लांबच्या खळ्यांवर गेलेल्या. मी सकाळपासून अडलेली. मामंजी शिवेवर नुसतेच उभे होते, आणि पलीकडून बाईंना घेऊन आले ते नेमके धर्मादादा! शेताच्या बांधावरून त्यांच्याशी आमचा शहापूरच्या कोर्टात दावा चाललेला, कित्येक वर्षांचा अबोला. मामंजींना मान वर करवेना. धर्मादादांनी कासरा ओढलाच नाही.

“तुजी सून अडलीय. बांधाचं मंग बगू,” एवढंच म्हणाले.

वेदनेच्या धुक्यात मला घुंगरांचा नाद थेट अंगणात शिरताना ऐकू आला. धर्मादादांच्या गाडीतल्या अर्ध्याच उतरवलेल्या भाऱ्यांवरून बाई खाली उतरल्या, केसांत भाताच्या काड्या घेऊनच आत आल्या. त्यांचा थंड हात कपाळावर टेकला आणि माझी भीती पळाली. दिवेलागणीला लेकीने टाहो फोडला. बाहेर मामंजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि धर्मादादांनी तो घेतला.

दावा पुढेही चाललाच. आता बाई नाहीत, धर्मादादा नाहीत, शिवेवरून डांबरी सडक गेली आहे, लेकीच्या केसांत रुपेरी छटा उतरली आहे. काळाने एकेकाला आपापल्या शिवेपर्यंत पोचवलं. तरी कार्तिकात कुठे घुंगूर वाजले की मी श्वास रोखून ऐकते. ते शिवेवर थांबत नाहीत, सरळ माझ्या दारापर्यंत येतात.