साखरेची कवळी

ताई कवळ्या बनवते. डॉक्टर दवाखान्यात मापं घेतात, ताई घरच्या टेबलावर दात जुळवते. सुट्ट्या लागल्या की ती कवळ्यांच्याच रबरी साच्यांत साखरेचा पाक ओतते. हिरड्या गुलाबी, दात पांढरे. शेजारीपाजारी वाटायच्या प्रत्येक डब्यात खाली लोण्याच्या कुकीज आणि वर एक हसणारी कवळी. लोक आधी दचकतात, मग चोखतात.

यंदा खालच्या मजल्यावरचे पहिलवानकाका तक्रार घेऊन वर आले. कुस्ती सोडून त्यांना जमाना झाला, पण हार मानायची सवय अजून लागलेली नाही.

"पोरी, कुकीज झकास. पण ही गोळी काही विरघळत नाही. जेवल्यापासून चोखतोय."

त्यांनी गोळी तळहातावर काढून दाखवली. ताईने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"काका, ही खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाईंची."

काका तडक मोरीकडे गेले आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

खरी इथे, म्हणजे सकाळी दवाखान्यात पाठवलेल्या डबीत साखरेची. मागच्याच महिन्यात ताईने एका मुख्याध्यापकांना दुसऱ्याच कुणाचे दात पाठवले होते. तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ बजावलं होतं, "आणखी एक चूक, की तुमचं काम बंद." ताईच्या कामावर आमचं घर चालतं. माझ्यावर फक्त टीव्ही चालतो.

"फोन कर ना," मी म्हणालो.

"काय सांगू? सासूबाईंना म्हणावं, मी येईपर्यंत गिळू नका?"

तिने कवळी ब्रशने घासघासून धुतली, औषधात बुडवली, रुमालात गुंडाळली. मी स्कूटर काढली. वाटेतला प्रत्येक सिग्नल आम्हाला बघून लाल झाला. मागे ताई पुटपुटत होती, "अजून बसवली नसेल. चहा घेत असतील. डॉक्टर चहा फार सावकाश पितात."

डॉक्टरांचा चहा पिऊन झाला होता.

दवाखाना खचाखच भरलेला. आतलं दार सताड उघडं, कारण डॉक्टरांना आज कौतुक करून घ्यायचं होतं. खुर्चीत त्यांच्या सासूबाई, सत्तरीच्या आजी, तोंड मिटून बसल्या होत्या.

"बघा, आई, याला म्हणतात फिटिंग!" डॉक्टर बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले. "दात न् दात मी स्वतः तपासलाय. कुठे टोचतंय?"

आजींनी मान हलवली. त्यांचे गाल आत ओढले जात होते. ओठाच्या कोपऱ्यातून गुलाबी थेंब ओघळला. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की माझी बोटं पांढरी पडली.

"आता जरा चावून बघा."

कट्ट.

आजी शांतपणे चावत राहिल्या. कुडूम, कुडूम. डॉक्टरांच्या हातातला आरसा हळूहळू खाली आला.

ताई पुढे झाली. "डॉक्टर, चूक माझी आहे. ती साखरेची आहे. खरी ही इथे."

डॉक्टरांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. ताईकडे बोट रोखून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. बाहेरचे सगळे पेशंट माना उंचावून बघत होते. ज्यांचा नंबर पुढचा होता, त्या गृहस्थांनी तर आत्तापासूनच तोंड हाताने झाकून घेतलं होतं. चूक ताईची म्हणावी, तर साखरेचा दात न् दात स्वतः तपासला कुणी?

बोट खाली आलं.

"अर्थात साखरेची," डॉक्टर म्हणाले. "ही ट्रायल असते. पेशंटची भीती जाते. नवीन पद्धत आहे."

आजींनी शेवटची दाढ गिळली. "जावईबापू, माझी भीती अजून गेली नाही. खालची ट्रायलही घेऊन टाका."

"मलाही एक," ते गृहस्थ बाहेरून म्हणाले.

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. स्वतःचे दात त्यांनी इतके आवळले होते की मला त्यांचीच काळजी वाटली.

"उद्याची मापं कपाटावर आहेत," ते म्हणाले. "घेऊन जा. आणि येताना... खरी आणि साखरेची, दोन्ही आणा."