सर्दी झालेला अजगर

आईने चष्मा वर सरकवला आणि अजगराच्या चौथ्या डोक्याला मफलर गुंडाळला. पाचवं डोकं शिंकायच्या बेतात होतं. तिने पडद्यावरच्या शिंपिणीला डावीकडे उडी मारायला लावली, शिंक भिंतीवर जाऊ दिली आणि त्या डोक्याचाही गळा बांधून टाकला. गॅसवर दूध होतं, एक कान तिकडे होताच.

तिचा मुलगा हातात फोन धरून दारात उभा होता. एका साप्ताहिकासाठी बारा वर्षं तो व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहीत होता. वाचक त्याला साडेपाच म्हणत, कारण दहापैकी त्याहून जास्त गुण त्याच्या हातून सहसा सुटत नसत.

ह्या गेमलाही त्याने तेवढेच दिले होते. फाटलेलं आभाळ शिवायला निघालेली बुटकी शिंपीण, चालून चालून थकलेला आणि वाटेत पाय चेपून मागणारा किल्ला, सात डोक्यांना एकदमच सर्दी झालेला अजगर, असा सगळा मामला. बाकीचे समीक्षक गेमवर बेहद्द खूश होते. एकाने तर त्याला वर्षातला सर्वांत गोड गेम म्हटलं होतं. साडेपाचने लिहिलं होतं, ‘गोडवा भरपूर, पण दात नाहीत. लढाया इतक्या सोप्या की झोपेतही जिंकाव्यात.’

तिथेच घोळ झाला. वाचकांची पत्रं येऊन थडकली. कुणी तीन दिवस दुसऱ्या डोक्यापाशी अडकलं होतं, कुणाच्या बायकोने कंट्रोलर कपाटात कुलूपबंद केला होता. ह्या गृहस्थाने गेम खेळला तरी आहे का, असं प्रत्येकाने आपापल्या भाषेत विचारलं होतं. आणि आता संपादिकेने फोन करून सांगितलं होतं की तीन वाजता कार्यालयात ये, कॅमेऱ्यासमोर बस आणि थेट प्रक्षेपणात वाचकांच्या देखत अजगर जिंकून दाखव. नाहीतर परीक्षण मागे घेऊ, आणि तुझं सदरही.

खरं कारण घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी त्याचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा गेममधल्या लढाया आईने खेळून दिल्या. आई टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, बोटं अजून घोड्यासारखी पळत. प्लास्टर सहा आठवड्यांत निघालं. व्यवस्था राहिली. गोष्ट, चित्रं, संगीत तो बघे. लढाई आली की कंट्रोलर आईकडे जाई आणि तो शेजारच्या खोलीत जाऊन परीक्षणाचा पहिला परिच्छेद लिहायला घेई.

“झोपेत म्हणे,” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “माझे अंगठे दोन दिवस ठणकत होते.”

“मग सांगायचंस ना.”

“तू विचारलंस कधी?”

दूध वर आलं. ते त्यानेच उतरवलं.

दुपारी आई ठेवणीतले कपडे घालून, पर्स घेऊन त्याच्या आधी दाराशी उभी होती. कशाला येतेस, असं त्याने दोनदा विचारून पाहिलं. कार्यालय बघायचंय, एवढंच ती म्हणाली.

कार्यालयात संपादिकेने टेबलं बाजूला सारून मोठा पडदा लावला होता. हिशेबनीसापासून पानांची मांडणी करणाऱ्यापर्यंत सगळे खुर्च्या ओढून बसले होते. एखाद्याची फजिती बघायला माणसं कशी वेळेवर येतात, हे त्या दिवशी त्या कार्यालयात दिसलं. तीन वाजता कॅमेरा सुरू झाला. तीन वाजून एका मिनिटाने साडेपाच पहिल्या डोक्याच्या शिंकेने उडून तलावात पडला. तीन वाजून दोन मिनिटांनी पुन्हा पडला. पाचव्या खेपेला तो लढाई सुरू व्हायच्या आधीच, आपला आपण पडला.

वाचकांचे शेरे पडद्याच्या कडेला भराभर उमटत होते. त्याने कंट्रोलर खाली ठेवला. कान लाल झाले होते.

“ही लढाई मी जिंकलेली नाही,” तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. “माझ्या आईने जिंकली. बारा वर्षांतली प्रत्येक लढाई तिनेच जिंकली आहे.”

संपादिकेने आईकडे पाहिलं आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. साडेपाचला हलकं वाटलं. आता होऊन जाऊ दे, नोकरी गेली तर गेली, असं त्याच्या मनात आलं.

आईने चष्मा पुसला. खेळायला लागली. पहिल्याच शिंकेला शिंपीण तलावात गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा आईने भलतंच बटण दाबलं आणि शिंपीण अजगराकडे पाठ करून नाचायला लागली.

“मला कुठलं जमायला,” आई म्हणाली. “तूच बघ बाबा.”

तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. ‘बिचाऱ्या आईवर कशाला ढकलतोस,’ असे शेरे यायला लागले. कंट्रोलर परत त्याच्या मांडीवर आला होता, आणि आता तो द्यायला कुणी उरलं नव्हतं. आई पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली.

“घाई नको करूस,” ती हळूच म्हणाली. “शिंकायच्या आधी त्याची उजवी नाकपुडी फुगते.”

त्याने नाकपुडीकडे बघायला सुरुवात केली. त्यासाठी अजगराकडे नीट बघावं लागलं, आणि त्याने हा अजगर आजवर नीट पाहिलाच नव्हता. पहिलं डोकं शिंकल्यावर शरमून खाली बघत होतं. तिसरं दुसऱ्याच्या मफलरला नाक पुसत होतं आणि त्यावरून दोघांची जुंपत होती. हे बघून तो इतका हसला की पुन्हा तलावात पडला. पण आता पडण्याचं त्याला काही वाटेना. सोळाव्या वेळी तो चौथ्या डोक्यापर्यंत पोचला. विसाव्या वेळी खुर्च्या पुढे सरकल्या. हिशेबनीस “नाकपुडी, नाकपुडी” म्हणून ओरडायला लागला.

संपादिका मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती आईच्या पर्सकडे बघत होती. पर्सच्या कातड्यावर आईची दोन्ही हातांची बोटं चालली होती, आणि प्रत्येक शिंकेच्या नेमकी आधी उजवा अंगठा दाबला जात होता.

सत्ताविसाव्या खेपेला सातवा मफलर बसला. सातही डोकी एकमेकांवर रचून अजगर झोपी गेला आणि सुरात घोरायला लागला. सगळं कार्यालय उभं राहिलं. कुणीतरी साडेपाचला मिठी मारली. तो हसत होता आणि डोळेही पुसत होता. इतका आनंद त्याला बारा वर्षांत कुठल्याच गेमने दिला नव्हता.

कॅमेऱ्यामागून कुणीतरी विचारलं, मग आता दहापैकी किती? त्याने हात झटकले. मला आधी तो पहिल्यापासून सगळा खेळू दे, म्हणाला, आणि तिथेच पुन्हा सुरुवात करायला बसला.

संपादिका खुर्ची ओढून आईजवळ आली.

“काकू, पुढच्या आठवड्याचा गेम ह्याहून अवघड आहे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “दोन प्रती पाठवते.”

आईने एकदा मुलाकडे पाहिलं. तो किल्ल्याचे पाय चेपून देण्यात गुंग होता.

“माझी जरा आधी पाठव,” ती म्हणाली.