गायीचं पान

राजारामपुरीतल्या त्या गल्लीत त्या गाईला सगळे सरपंच म्हणत. रस्त्याच्या मधोमध बसायची, समोर बस येऊन उभी राहिली तरी हलायची नाही. शेवटी ड्रायव्हरच शिव्या घालत कडेनं बस काढायचा. मूळची कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. भाकड झाली म्हणून कुणीतरी सोडून दिली असणार, आणि असलं काम करणारा काय नाव सांगत हिंडतो?

अविधवा नवमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच रस्त्यावर दिसल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये मान कुशीत घालून पडल्या होत्या. केरबानं जवळ जाऊन कानाला हात लावला. कान गार. डोळे खोल गेलेले. मागं पातळ, आंबूस वासाचं शेण पडलेलं. डाव्या कुशीत मूठ दाबली तर आत नुसतं पाणी हिंदकळलं. केरबा चाळीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून डॉक्टर अवंतिकांच्या जोडीनं रस्त्यावरच्या आजारी, जखमी जनावरांची मलमपट्टी करत फिरायचा. गाईला काय झालंय हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

अवंतिका अर्ध्या तासात पेटी घेऊन आल्या. तपासता तपासताच त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं, "काल काय काय खाल्लं हिनं?"

"आमी एकच पान दिलं," शेजारची धोंडुबाई म्हणाली.

"आमीबी एकच."

"आमच्यातनं तर निम्मंच."

प्रत्येकाचं खरं होतं. सवाष्ण म्हणून गेलेल्या बायकांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, नवमीला घालतात. घरची माणसं जेवायला बसायच्या आधी गायीचं पान काढायचं, त्यावर भात, वडे, खीर, भाजी. गाय जेवली की गेलेली बाई जेवली. पान एकेकच, पण घरं किती, आणि गाय एकच! तिचं पोट गवतासाठी केलेलं. त्यात एवढा शिजवलेला भात पडला की तो आंबतो, आणि ते आंबलेलं रक्तात उतरतं. भक्तिभावानं घातलेलं अन्न कुणाच्या नावानं घातलंय, हे पोट विचारत नाही.

"केरबाभावजी दरवर्षी घसा फोडून सांगत्यात," धोंडुबाई म्हणाली, "शिजल्यालं घालू नगा म्हणून. आमीच ऐकत न्हाय. त्यांचा काय दोष?"

केरबानं मान खाली घातली. गल्लीला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

"पोट उघडायला लागणार," अवंतिका म्हणाल्या. "उशीर झालाय, पण बघू या. मामा, तयारी करा."

केरबानं डाव्या कुशीवरचे केस काढले, औषधानं जागा धुतली. भूल दिल्यावर अवंतिकांनी चीर घेतली आणि खांद्यापर्यंतचा मोजा चढवून हात आत घातला. केरबा कडा धरून बसला. भात निघायला लागला, ओंजळीमागून ओंजळ. वड्यांचे तुकडे निघाले. एक बादली भरली, दुसरी लावली. मग अवंतिकांच्या हातात टपोरे, फुगलेले दाणे आले.

"हा गहू कुणी घातला? हा काय एका पानावरचा नाही, पातेलंभर आहे."

केरबानं दाणे बघितले. तो खपली गहू होता. गल्लीत सगळ्यांची खीर तांदळाची नाहीतर शेवयांची. खपली गव्हाची खीर काल एकाच घरात शिजली होती, त्याच्या.

तानाबाईला, त्याच्या बायकोला, ती खीर जीव की प्राण. पण तिला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला आणि शेवटचे दोन महिने तिच्या घशाखाली घोटभर पाणी उतरलं नाही. नळीतून दूध जायचं. ती केरबाकडं नुसती बघायची. वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा हा तिचा पहिलाच म्हाळ. काल केरबा नियमानं एकच पान घेऊन दारात आला. गाईनं ते चाटूनपुसून खाल्लं आणि मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तेवढंच. चाळीस वर्षांचं शहाणपण कुठल्या कुठं गेलं. त्यानं आत जाऊन खिरीचं अख्खं पातेलं आणलं, मग भाताचं आणलं. सून नको नको म्हणत होती. गाय खात होती, आणि तो तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणत होता, "खा. पोटभर खा, बाई." दीड वर्षात पहिल्यांदा त्याला रात्री गाढ झोप लागली होती.

"मामा, कुठं लक्ष आहे? कड सुटतीय."

त्यानं कड घट्ट धरली. आतून धुऊन झालं, सोड्याचं पाणी सोडलं, टाके पडले. शिरेतून सलाईन चालू होतं. केरबा बाटली उंच धरून उभा राहिला, हात भरून आला तरी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. हिला उठव, एवढंच तो मनात म्हणत होता. कुणाला म्हणत होता, देवाला की तानाबाईला, त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला गाईनं एकदा पाय ताणले. अवंतिकांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि कानातून काढली. "गेली," त्या म्हणाल्या.

बायकांनी लगबगीनं हळदकुंकू आणलं. कुणी हार आणला. धोंडुबाईनं गाईच्या कपाळावर कुंकू लावून हात जोडले. "पुण्यवान जीव. म्हाळात गेली, पोटभर जेवून गेली."

"जेवून न्हाय गेली," केरबा म्हणाला. "जेवणानं गेली."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. अवंतिका हळूच म्हणाल्या, "मामा, राहू द्या. सगळ्या गल्लीनं घातलं होतं."

"सगळ्यास्नी ठावं नव्हतं, डॉक्टरबाई. मला ठावं हुतं." त्यानं बादलीतल्या दाण्यांकडं बोट दाखवलं. "ती खपली माझ्या घरची. पातेलं आणून मी रिकामं केलं हिच्यापुढं. बायकू उपाशी गेली म्हणून हिला खाऊ घालत सुटलो. मी मारली हिला."

हार आणणाऱ्या बाईला हार कुठं ठेवावा कळेना. धोंडुबाई पुढं आली. तिच्या थोरल्या जावेचं पान काल याच गाईनं खाल्लं होतं, आणि सगळ्या पितरांची सर्वपित्री अमावस्या पाच दिवसांवर होती.

"मग भावजी, आमावस्येला काय घालायचं गाईला?"

"गवताची पेंडी."

"गवत? पितरास्नी गवत चालतंय व्हय?"

केरबानं गाईच्या उघड्या डोळ्यांवरून हात फिरवून ते मिटायचा प्रयत्न केला. ते मिटेनात.

"पितरांचं मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "गाईला चालतंय."