चौऱ्याऐंशी नंबरचा खिळा

मी एक जुनी पितळी चकती आहे. कपाळावर एक भोक, पोटावर ठोकलेला चौऱ्याऐंशी हा आकडा आणि कडेला एक पोचा. मित्रांनो, आज मी किल्ल्यांच्या जुडग्यात लटकते आणि ज्यांच्या हाती असते त्यांना माझ्या आकड्याचा अर्थ ठाऊक नाही. त्यांचा दोष नाही. ती खाण बंद झाली, तिच्या तोंडावर रानवेली माजल्या. पण मला सगळे आठवते. पितळ काळे पडते, विसरत नाही.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका कोळसा खाणीच्या लोहारशाळेत माझा जन्म झाला. एकाच पत्र्यातून आम्हा बहिणींना कापले, कानशीने कडा घासल्या आणि एकेकीवर आकडा ठोकला. ठोका बसला तेव्हा फार दुखले. पण त्या ठोक्यानेच मला नाव दिले.

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली होती. तिच्या भिंतीवर खिळे मारलेली एक मोठी पाटी होती. आत जाताना प्रत्येकाने आपली चकती आपल्या खिळ्याला अडकवायची आणि बाहेर आल्यावर काढून खिशात टाकायची. चकती खिळ्यावर असली म्हणजे माणूस आत. खिळा रिकामा असला म्हणजे माणूस बाहेर. चकतीशिवाय कोणी आत जायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. आणि पाटीवर चकती लटकत असेपर्यंत खाणीचे तोंड कोणी बुजवायचे नाही, असा माणसांचा नियम होता. तो कुठे छापलेला नव्हता. पण त्या खोऱ्यात बायबलातल्या दहा आज्ञांच्या खालोखाल तोच मानला जाई.

मी हॉबर्ट टॅकेटच्या वाट्याला आले. उंच माणूस, बुटक्या बोगद्यांत वाकून वाकून खांद्यांत बाक आलेला. त्याच्या कोटाच्या खिशात मक्याच्या भाकरीचा चुरा असे आणि मी असे. घरी गेल्यावर त्याची छोटी लेक लॉटी मला दोऱ्यात ओवून गळ्यात घाली आणि आरशापुढे मिरवी. त्या दिवसांत मी चकचकीत होते. तशी मी पुन्हा कधी झाले नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा सगळ्या चकत्यांना चर्चमध्ये नेत. उपासनेच्या आधी प्रत्येक खाणकामगार आपली चकती व्यासपीठापुढच्या टेबलावर ठेवी. पाळक गारलंड त्यांच्यावर हात पसरून महिनाभराच्या रक्षणासाठी प्रार्थना करीत. आठवडाभर तेही इतरांसारखेच खाणीत काम करत, भिंती बांधत. त्यांच्या नखांतला कोळसा रविवारीही निघालेला नसे. मला त्या टेबलावर फार सुरक्षित वाटे.

मग एका हिवाळ्यात खोऱ्यात घटसर्पाची साथ आली आणि लॉटी गेली.

ती आजारी होती तोवर हॉबर्ट तिच्या खाटेशी गुडघ्यांवर प्रार्थना करत बसून होता. तिला पुरल्यावर तो गुडघ्यांवर कधी बसला नाही. चर्चला जाणे त्याने सोडले. घरातले बोलणेही आटले. डेल्फिया, त्याची बायको, मात्र जात राहिली. तिची श्रद्धा फार मोठी होती असे मी म्हणणार नाही. कित्येकदा गीत सुरू झाले की तिचे ओठ मिटलेले असत. पण ती जात राहिली, त्याच बाकावर, शेजारी दोघांची जागा मोकळी सोडून. चर्च झाडणारी म्हातारी आइसी आत्या तिला दारातच गाठायची. “आजही एकटीच? तुझा नवरा काय कोंबड्या राखतोय?” डेल्फिया म्हणायची, “हो आत्या, कोंबड्या फार माजल्यात.” आणि आत जायची.

वसंत लागला, तरी त्याचा देवावरचा रुसवा सरेना. मग एका पहिल्या रविवारी डेल्फियाने एक गोष्ट केली. हॉबर्ट झोपलेला असताना तिने त्याच्या कोटातून मला काढले, रुमालात बांधले आणि चर्चला नेऊन टेबलावर ठेवले. तो प्रार्थना करत नव्हता. निदान त्याच्या चकतीवर तरी कोणी करावी, एवढेच तिच्या मनात होते. परत आल्यावर मला गुपचूप खिशात ठेवायचे असे तिने ठरवले होते.

पण उपासना संपता संपता ओढ्याला पूर आल्याची हाक आली. लाकडी साकव हलू लागला होता. माणसांनी घाईघाईने आपापल्या चकत्या उचलल्या, बायकांनी मुले कडेवर घेतली. डेल्फियाने म्हाताऱ्यांना हात धरून पलीकडे नेले आणि ती रात्र त्यांच्याचकडे काढली. त्या गडबडीत मी टेबलावरच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमीन हादरली.

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी टेबलावरून उडून फरशीवर आपटले. कडेचा पोचा तेव्हाचाच. मग खाणीचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. तो आवाज काय सांगतो हे त्या खोऱ्यातल्या तान्ह्या पोरांनाही कळत असे. मला एकच गोष्ट कळेना. मी इथे आहे, मग हॉबर्ट कुठे आहे?

पुढचे मला नंतर कळले. माणसे बाहेर येत होती. काही चालत, काही खांद्यांवर, काही चादरीखाली. जो जो आला, जिवंत असो वा मेलेला, त्याची चकती पाटीवरून उतरवली जात होती. डेल्फिया बायकांत उभी होती. चौऱ्याऐंशीचा खिळा सकाळपासूनच रिकामा होता. सगळ्या जणी तिला म्हणाल्या, नशीबवान आहेस, तुझा आज कामावर आलाच नाही. ती धावत घरी गेली. घर रिकामे होते. हॉबर्टचा जेवणाचा डबा फडताळात नव्हता. ती तिथेच उभी राहिली, आणि मग तिला मी आठवले.

चर्चचे दार धाडकन उघडले. आइसी आत्या पडलेल्या काचा झाडत होती. डेल्फिया रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिली. मग तिला मी फरशीवर दिसले. तिने मला उचलले. तिचा हात बर्फासारखा गार होता.

“मी ही तुझ्यापुढे ठेवली,” ती वर पाहून म्हणाली. “सांभाळ म्हणून ठेवली. आणि तू...”

ती खाली बसू लागली. आत्याने केरसुणी टाकली आणि तिचे दंड धरले.

“बसू नकोस. तिकडे भिंत घालायला घेतलीय त्यांनी. देवावर रुसायचं असेल तर चालता चालता रूस.”

मित्रांनो, खाणीत आग लागली की तिचा श्वास कोंडावा लागतो. पाटी रिकामी झाली की तोंडावर भिंत घालतात, म्हणजे हवा तुटते आणि आग विझते. आत कोणी असेल तर तोही. आम्ही पोहोचलो तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती आणि विटा रचत होते ते पाळक गारलंडच. वरून काळा धूर निघत होता.

डेल्फिया खाणीच्या साहेबासमोर गेली आणि म्हणाली की हॉबर्ट आत आहे.

साहेब वाईट माणूस नव्हता, पण दमलेला होता आणि घाबरलेला होता. “बाई, त्याची चकती तुमच्या हातात आहे. म्हणजे तो बाहेर आहे. हाच नियम.”

तिने सगळे सांगितले. गर्दीत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, हॉबर्ट दूर ॲक्रन शहरातल्या टायर कारखान्यात जायचे म्हणत होता, गेला असेल डबा घेऊन. कोणी म्हणाले, लेक गेल्यापासून तो कुठे ताळ्यावर होता. साहेबाने दिव्यांच्या खोलीवरच्या व्हर्जिलला विचारले की चकतीशिवाय कोणाला आत सोडले होते का. व्हर्जिलने जमिनीकडे पाहत मान हलवली. नाही.

तेव्हा डेल्फिया खोलीत गेली आणि तिने मला चौऱ्याऐंशीच्या खिळ्याला अडकवले. अख्ख्या पाटीवर मी एकटी होते.

साहेब मला काढायला पुढे झाला. गारलंडनी थापी खाली ठेवली.

“हात लावू नका तिला, साहेब.”

“गारलंड, वीट उचल. आग मागच्या बोगद्यातल्या वायूपर्यंत पोचली तर डोंगर उडेल.”

“पाटीवर चकती आहे. माझ्याच्याने भिंत चढायची नाही.”

“ती आत्ता लावली. तुझ्या डोळ्यांदेखत लावली.”

“लावलीय ना? मग झालं.”

पण मग ते डेल्फियाकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. “बहिणी, आत जायचं तर माणसं लागतील. त्यांच्या बायका इथेच उभ्या आहेत. तो आत आहे, तुला नक्की माहीत आहे?”

सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. तिला हो म्हणता आले असते. मला वाटले, म्हण, हो म्हण.

“नक्की नाही माहीत,” ती म्हणाली. “त्याचा डबा घरात नाही. एवढंच माहीत आहे.”

कोणी हलले नाही. आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. साहेबाने घड्याळ पाहिले. आणि व्हर्जिल रडू लागला.

“मी सोडलं त्याला,” तो म्हणाला. “सकाळी खिसे चाचपत उभा होता. परत पाठवला असता तर रोज बुडाला असता त्याचा. म्हटलं, जा, उद्या दोनदा अडकव. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, साहेब. मला बायकापोरं आहेत.”

गारलंड तोवर भिंतीच्या वरच्या विटा उतरवू लागले होते. ते आणि आणखी दोघे तोंडाला ओली फडकी बांधून आत गेले. त्यांतल्या एकाची बायको डेल्फियाजवळून तिच्याकडे न पाहता गेली. साहेबाने सांगितले की धुराचा रंग बदलला की मग कोणासाठीही थांबणार नाही. आत गेलेल्या तिघांच्या चकत्या माझ्या शेजारी येऊन लटकल्या. आता पाटीवर आम्ही चौघी होतो, आणि धुराकडे पाहत होतो.

डेल्फिया पाटीखाली जमिनीवर बसली. आइसी आत्या गुडघे धरत, कण्हत तिच्याशेजारी बसली.

“आत्या, मला प्रार्थना येत नाहीये. शब्दच नाहीत.”

“मग मी करते. तू नुसती बस. आमेन तरी म्हणशील?”

“बघते.”

आत्याने पदरच्या शब्दांत सुरुवात केली. चर्चमधल्यासारखी नाही, शेजारणीशी बोलावे तशी. हॉबर्ट हट्टी आहे, तू ओळखतोस त्याला. त्याने तुला सोडलं असेल, तू त्याला सोडू नकोस. आत गेलेल्या पोरांनाही बघ. आणि या मुलीचं तोंड मिटलंय, तर माझंच तिचं समज. मागतोय ते तू देशील की नाही, आम्हाला माहीत नाही. पण दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊ?

ती थांबली. धूर पिवळट होऊ लागला होता. साहेब माणसांना विटांकडे ढकलत होता. कोणी बाहेर आले नव्हते, काहीच कळलेले नव्हते. आणि तेव्हा डेल्फिया म्हणाली, “आमेन.”

मित्रांनो, तो शब्द मी अनेकदा ऐकला आहे, गाण्यांच्या शेवटी, जेवणाच्या आधी. तसा मी तो पुन्हा कधी ऐकला नाही.

पहिली वीट बसली. दुसरी बसली. साहेबाने तिसरी स्वतः उचलली, आणि आतून खोकला ऐकू आला.

चौघे बाहेर आले. हॉबर्टला दोघांनी धरले होते. एका आडबोगद्यात ताडपत्री ठोकून, फटींत आपला सदरा आणि चिखल कोंबून तो मागे बसला होता आणि कोणाला ऐकू जावे म्हणून खाणीतल्या लोखंडी नळावर दगड आपटत राहिला होता. डेल्फियाने त्याचे डोके मांडीवर घेतले.

“आत काय करत होतास?” तिने विचारले.

“भांडत होतो त्याच्याशी,” हॉबर्ट म्हणाला. “सगळा वेळ.”

“मीही,” डेल्फिया म्हणाली.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण मी म्हातारी आहे, मला खरे सांगितले पाहिजे. हॉबर्ट वाचला, पण त्याची फुप्फुसे गेली. खाणीचे काम सुटले. व्हर्जिलची नोकरी गेली, आणि हॉबर्टने त्याला आपल्या घरामागचा जमिनीचा तुकडा कसायला दिला. लॉटी परत आली नाही. हॉबर्ट रविवारी डेल्फियाबरोबर चर्चपर्यंत येऊ लागला, पण आत पाऊल टाकेना. बाहेरच्या पायरीवर धापा टाकत बसायचा. डेल्फियाने त्याला कधी ओढले नाही. ती फक्त पायरीजवळची खिडकी वीतभर उघडी ठेवायची.

हिवाळ्यात त्यावरून कटकट व्हायची. सर्वांत मोठी तक्रार आइसी आत्याचीच. तुझ्या नवऱ्यापायी माझे गुडघे गोठले, त्याला ऐकायचे असेल तर आत यायला काय पाय दुखतात का, असे ती सगळ्यांसमोर म्हणायची. डेल्फिया ऐकून घ्यायची आणि खिडकी तशीच ठेवायची.

एका जानेवारीत डेल्फिया तापाने पडून होती. त्या रविवारी हॉबर्ट एकटाच आला आणि नेहमीच्या पायरीवर बसला. मी त्याच्या खिशात होते. बारीक गारांचा मारा चालला होता. खिडकी बंद होती आणि आतले गीत भिंतीतून पुसट येत होते. तो उठून जायला निघाला. तेवढ्यात खिडकीची कडी वाजली. कोणीतरी ती ढकलत होते, ती अडकली होती, मग धक्का बसून पूर्ण उघडली. आत आइसी आत्या उभी होती, डोक्यावरून शाल घेऊन. ती आपल्या बाकावर जाऊन बसली आणि कुडकुडत मोठ्याने गाऊ लागली.

हॉबर्ट पायरीवर परत बसला.

माझ्यासारख्या वस्तू आता कोणी घडवत नाही, आणि माझे काही मागणे नाही. मला घासूनपुसून लखलखीत करू नका. पण तुमच्या ओळखीत कोणी असेल, ज्याचा देवाशी बोलाचालीचा धागा तुटलाय, किंवा दुःखाने ज्याच्या ओठांवर शब्द येत नाहीत, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याशेजारी बसा. त्याच्या वतीने मागा. आणि थंडी तुम्हालाही वाजत असेल, हे मला माहीत आहे, तरी खिडकी उघडी ठेवा.