धोंडुबाईंचा संदर्भ

क्रांतीनं वर्तमानपत्राची पुरवणी कीबोर्डवरच पसरली आणि मधल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाई, वाचा. सुटलो आपण."

मंगळवार पेठेतल्या नेट कॅफेत दोघींना मिळून एक खुर्ची आणि एक स्टूल मिळालं होतं. खुर्ची अर्थातच दानेश्वरीबाईंना. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर कॉलेजच्या चार मुली हाताशी धरून त्या इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कोल्हापूरविषयी लिहीत होत्या. बाई सांगायच्या, मुली टाइप करायच्या. दोन हजार नऊच्या मे महिन्यात परीक्षा संपल्या, बाकीच्या गावी गेल्या. क्रांती तेवढी राहिली.

ज्ञानकोशातला त्यांचा ताजा लेख धोंडुबाईंवर होता. पन्नासेक वर्षांपूर्वी पेठेतल्या एका विहिरीवर दुपारच्या वेळी पुरुषांना मज्जाव करून त्यांनी आळीतल्या पोरींना पोहायला शिकवलं. पुढं विहीर बुजवली, तिच्यावर दुकानं आली. धोंडुबाईंचं नाव मात्र कुठल्याच पुस्तकात आलं नाही. दानेश्वरीबाई त्या पोरींतल्याच एक. पण ज्ञानकोशाचा नियम कडक होता. स्वतःची आठवण चालत नाही, छापील संदर्भ लागतो. लेखाच्या डोक्यावर सूचना लागली होती, की रविवारपर्यंत संदर्भ मिळाला नाही तर हे पान काढून टाकलं जाईल.

आणि आता एका दैनिकात धोंडुबाईंवर अर्धा रकाना आला होता.

बाईंनी चष्मा पदराला पुसला आणि वाचायला घेतलं. मध्येच थांबल्या, एक ओळ मागं गेल्या आणि खुदकन हसल्या.

"'पाठीला लाल भोपळा बांधून'! अगं, तो भाजीचा. तो बांधून पोरगी विहिरीपर्यंत चालली असती तरी पुष्कळ. पोहायला वाळका कडू भोपळा लागतो. आतनं पोकळ, हलका."

क्रांती हसली नाही. तिनं पुरवणीची कड दुमडली, पुन्हा सरळ केली.

"ते मी घातलंतं, बाई. आपल्या लेखात."

"काय?"

"लाल. तुम्ही नुसतं भोपळा म्हणालात. मला मंडईतला तेवढाच ठाऊक. जरा रंग यावा म्हणून घातला."

बाईंनी रकाना पहिल्यापासून वाचला. या खेपेला हसू आलं नाही. वाक्यं ओळखीची होती, त्यांचा क्रमसुद्धा. खाली दैनिकाचा नंबर होता. क्रांतीच्या मोबाइलवरून त्यांनी तो लावला आणि रकाना लिहिणाऱ्या मुलाला फोनवर बोलावून घेतलं.

"नेटवर होतं की मॅडम, तिथनंच घेतलं," तो मोकळेपणानं म्हणाला. "झकास झालंय नव्हं?"

बाईंनी मोबाइल परत दिला.

"आपणच बोललो, ते फिरून आपल्याकडंच आलं. ह्याला साक्ष म्हणायचं होय?"

"म्हणायचं की! छापून आलंय, नियमात बसतंय. लाल तेवढं काढते आणि खाली ह्याचा संदर्भ देते. कुणाला कळणार न्हाई."

"मला कळलंय."

"आणि पान गेलं तर? कोण धोंडुबाई म्हणून कुणी विचारणार न्हाई उद्या. मी महिनाभर टाइप करत बसले ते काय मातीत घालायला?"

शेजारच्या दोन पोरांनी माना वळवल्या. बाईंनी आवाज चढवला नाही.

"लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर लिही. ही बातमी आमच्याच लेखावरून घेतली आहे, संदर्भ म्हणून धरू नये. खाली दोघींची नावं घाल."

क्रांतीनं लिहिलं. एकेक कळ अशी आपटली, की गल्ल्यावरून कॅफेवाला ओरडला, "ताई, कीबोर्ड आमचा हाय!"

रविवारी पान गेलं.

सोमवारी बाईंनी दैनिकातल्या त्या मुलाला पुन्हा गाठलं. "आता माणसांकडनं घे. धोंडुबाईंकडं शिकलेल्या बायका अजून आहेत. त्या काय सांगतात ते मी आणून देते. त्यांच्या नावानिशी छाप." तो बरं म्हणाला. बाईंनी बरं वदवून घेतलं म्हणणं जास्त खरं.

कागलच्या एसटीत क्रांती खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाईंना मोबाइलवर आवाज टिपता येत नव्हता, म्हणून आपण आलोय, एवढं तिनं स्टँडवरच सांगून टाकलं होतं.

धोंडुबाईंकडं बाईंच्या बरोबरीनं शिकलेली बयाबाई सोप्यात शेंगा फोडत होती. उठताना निम्म्या सांडल्या.

"आगं दाने! जित्ती हायस व्हय? म्हटलं मास्तरीण झाली, आमास्नी इसरली."

"धोंडुबाईंचं विचारायला आलेय, बये."

बयाबाई सांगत सुटली. हातात निरगुडीची फोक घेऊन धोंडुबाई विहिरीच्या तोंडाशी उभी राहायची. पुरुषाची सावली पडली तरी त्याच्या सात पिढ्या काढायची. दानेश्वरीबाईंची मान वाक्यागणिक हलत होती. सगळं जुळत होतं.

"आणि पाठीला भोपळा," बाईंनी आठवण करून दिली.

"कसला भोपळा?"

"वाळका. पायरीवर ओळीनं असायचे बघ."

"ते पोरांचं, गं! सकाळी पोरं पवायची, तितंच ठेवून जायची. धोंडुबाई आमास्नी शिवू द्यायची न्हाई. पोटाखाली हात धरायची. हात कवा काढून घेतला ते कळायचं न्हाई, आन आपण आपलं पलीकडं."

क्रांतीनं बाईंकडं पाहिलं. त्यांची मान थांबली होती. मांडीवरचा हात त्यांनी उताणा केला, जरासा वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मला तर काखेत दोरी काचलेली आठवतीय," त्या हळूच म्हणाल्या.

"तू भित्री. निम्मा येळ पायरीवर बसायचीस. तितं बसून भोपळंच दिसणार!"

बयाबाई स्वतःच मोठ्यानं हसली. बाईही हसल्या, जरा उशिरानं.

"दोन्ही लिही," त्या क्रांतीला म्हणाल्या. "तिचं तिच्या नावावर, माझं माझ्या."

"आणि खरं कुठलं?"

"हातकणंगल्याला आपल्यातली रुद्राणी हाय की," बयाबाई शेंगा गोळा करत म्हणाली. "तिला इचारा. पर तिचं नि माझं कवाच जुळलं न्हाई, आधीच सांगून ठेवते."

बाईंनी भिंतीला हात लावून उठायला सुरुवात केली. "ऊन फार झालंय. पुढच्या आठवड्यात बघू."

क्रांतीनं पर्स खांद्याला अडकवून चपला घातल्या होत्या.

"आज्जी," तिनं बयाबाईला विचारलं, "हातकणंगल्याची गाडी कुठनं धरायची?"