अकराची घंटा

“अहो, आधी बूट घाला. लोक बघतायत,” नीता कुजबुजली.

पद्माकर देवधरांचं लक्षच नव्हतं. मोज्यांतले पाय थंडगार फरसबंदीवर रोवून, हात जोडून, डोळे मिटून ते उभे होते. समोरच्या चर्चमध्ये घंटा घणघणत होती. घंटा वाजली की पायातलं काढायचं, ही सवय सिंगापुरातल्या पासिर रिसच्या फ्लॅटपासून थेट हंगेरीतल्या या कोसेग गावापर्यंत त्यांच्याबरोबर आली होती.

“बाबा, आरती नाहीये ती,” राजस हसून सिंगापुरी ढंगात म्हणाला. “इलेव्हन ओ’क्लॉक लाह.”

“अकरा? घंटा बाराला वाजवतात ना इकडे? मग इथं अकराला का?”

नीतानं कपाळाला हात लावला. आता ‘का’ सुरू झालं म्हणजे जेवण लांबलं. राजस सहा महिन्यांसाठी व्हिएन्नाला शिकायला आला होता. त्याला भेटायला दोघं आली, म्हणून भाड्याची गाडी घेऊन तो आईबाबांना हे सीमेवरचं जुनं गाव दाखवायला घेऊन आला होता. येतानाही असंच झालं होतं.

“सीमा कुठाय रे?”

“गेली मागे.”

“गेली? मग शिक्का कुणी मारला?”

सिंगापूरच्या वुडलँड्स नाक्यावर मलेशियातल्या जोहोरला जायच्या रांगेत तास तास उभ्या राहिलेल्या माणसाला हे पटेना. गाडी मागे घ्यायला लावून त्यांनी ओस पडलेली चौकी पाहिली, काचेला नाक लावून आत डोकावले. आत एक मोडकी खुर्ची होती, बस. “बघ, तुझा लाल पासपोर्ट, आमचे निळे. इथं कुणाला पडलेलीच नाही!”

“तिकडे पडलीय,” नीता म्हणाली. “परत गेलो की तेवढं काम उरकून टाका.”

ते काम म्हणजे भारताचा निळा पासपोर्ट परत करणं. दोघांचं सिंगापूरचं नागरिकत्व मंजूर झालं होतं. राजस तिथली लष्करी सेवा करून कधीच तिथला झाला होता, नीताचीही तयारी होती. पद्माकरांचं पाऊल मात्र उचलत नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत पासपोर्ट दिला नाही, तर मंजुरीच जाणार होती. “आमच्या नानांनी जन्मभर सांगलीत राष्ट्रीय कीर्तनं केली,” ते म्हणायचे, “आणि मी खिडकीत जाऊन पासपोर्ट देऊन येऊ? हरल्यासारखं वाटतं गं.”

ते स्वतः चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचे हिशेब तपासत. महिन्यातून एका रविवारी मात्र धोतर नेसून, पगडी घालून सारंग पटवर्धन या मित्राच्या घरी हॉलमध्ये कीर्तनाला उभे राहत. प्रत्येक गावाचं एक तरी आख्यान असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. गाव नवं असलं की त्यांना ते हवंच असायचं.

कोसेगचं आख्यान त्यांना किल्ल्याच्या दारात तिकिटं देणाऱ्या आजीबाईंकडे मिळालं. मोज्यांतला हा भाविक बघून त्या स्वतःच बाहेर आल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं: सुलतानाची अफाट फौज व्हिएन्नावर निघालेली. वाटेत हा एवढासा किल्ला. आत मूठभर शिपाई, बाकी शेतकरी, बायाबापड्या. वेढा पडला, तट फुटला, तरी गाव हटेना. शेवटी एका सकाळी अकराला फौज उठून गेली. तेव्हाची ही घंटा.

“वा! वा!” पद्माकरांच्या अंगावर काटा आला. “हे तर तयार आख्यान आहे गं!”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “फौज फुकट नाही गेली. सुलतानाची निशाणं तटावर लावू दिली, तेव्हा गेली.”

पद्माकरांचा चेहरा उतरला. “म्हणजे हरलात की.”

बाई हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. राजस गाडी आणायला गेला होता. ते ऐकलं फक्त नीतानं आणि पद्माकरांनी.

सिंगापूरला परतल्यावर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सारंगचा हॉल भरला. मंगळवारी मुदत संपत होती. पद्माकर त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हते, नीतानंही विचारणं सोडलं होतं. ती नेहमीसारखी त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहिली. झांजेला रुमाल बांधलेला, कारण खालच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांना आवाज सहन होत नाही. तबल्याला स्वतः सारंग.

पूर्वरंग झाला, सारंगच्या आईंनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. मग उत्तररंगात कोसेग उभं राहिलं. कीर्तनाची ही गंमत पाहावी! लिफ्टनं वर आलेली माणसं बघता बघता तटावर चढली. कुणी दगड वाहत होतं, कुणी उकळतं पाणी ओतत होतं.

“...आणि अकराच्या ठोक्याला, मंडळी, सुलतानाचे तंबू उठले!”

चिपळ्या कडाडल्या. सारंगनं तिहाई घेतली. आईंनी जयजयकारासाठी हात वर केले. इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काय कळणार होतं?

पण समेवर झांज वाजली नाही.

पद्माकरांनी मागे वळून पाहिलं. नीता झांज छातीशी धरून शांत उभी होती. वादनात ती इतक्या वर्षांत कधी चुकली नव्हती.

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “मंडळी, एक सांगायचं राहिलं. नारदाच्या गादीवर उभा आहे, अर्धं सांगून चालायचं नाही. किल्लेदारानं सुलतानाची निशाणं तटावर लावू दिली होती.”

“अगंबाई!” सारंगच्या आईंना राहवलं नाही. “म्हणजे हरलेच की मेले!”

“मीसुद्धा अगदी हेच म्हणालो, काकू.” पद्माकर हसले. “तर त्या बाई म्हणाल्या, निशाणं केव्हाच उतरली हो. घंटा अजून आम्हीच वाजवतो.”

मग मागून रुमालातली झांज वाजली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दोघं भारताच्या वकिलातीत गेली. नीताचं काम पटकन झालं. पद्माकर खिडकीशी आले. निळा पासपोर्ट त्यांनी उपरण्याच्या घडीत आणला होता.

“कोपरा कापून परत देता ना? का कापता हो?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“फिर यूज न हो, अंकल,” काचेपलीकडची मुलगी म्हणाली आणि हात पुढे केला.

पद्माकरांनी घडी उलगडली. पण पासपोर्ट देण्याआधी ते जरा थांबले, खाली न बघताच एकेक करून दोन्ही बूट पायातून काढले आणि मोज्यांतले पाय फरशीवर टेकवले.

मागच्या रांगेतली माणसं बघत होती. या वेळी नीतानं वाकून बूट उचलले, कुणाचा पाय लागू नये म्हणून भिंतीशी नीट जोडून ठेवले, आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.